प्रश्न विचारणारं मूल हवंय? मग पुस्तक असं निवडा आणि असं वाचून दाखवा

दर शनिवारी आमच्या कॉलनीतल्या बालवाचनालयात कोणी ना कोणी पालक येऊन सांगतात, "याला धाडसाची पुस्तकं द्या हो, फार भित्रा आहे," किंवा "हिला जरा विचार करायला लावणारं काहीतरी द्या." पुस्तक घरी जातं, वाचून होतं, आणि शेवटचं पान उलटताच घरातलं मोठं माणूस विचारतं, "मग, यातून काय शिकलास?" सगळं बिनसतं ते इथेच. मूल पुस्तकातून मान वर काढून आपल्या चेहऱ्याकडे बघू लागतं आणि आपल्याला कोणतं उत्तर आवडेल ते शोधू लागतं. आपल्याला जे हवं होतं, त्याच्या अगदी उलट सवय लागते.

ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की शेवटी सगळा क्रम लिहून काढायचं ठरवलं. साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांना तो लागू पडतो. टप्पे गाळू नका. बहुतेक जण थेट दुसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे खरेदीपासून सुरुवात करतात आणि नंतर म्हणतात, "आमच्या पोराला वाचनाची आवडच नाही."

टप्पा १ : पुस्तकाआधी मुलाचे प्रश्न गोळा करा

एक जुनी वही घ्या आणि स्वयंपाकघरात हाताशी ठेवा. आठवडाभर मूल जे जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. उत्तर लिहू नका, भाषा सुधारू नका. "पाल भिंतीवरून पडत कशी नाही?" "टीचरना कोण ओरडतं?" "आजोबा गेले, मग त्यांचा चष्मा आता कोणाचा?" असे प्रश्न पुस्तकांच्या कुठल्याही यादीपेक्षा जास्त सांगून जातात. एखाद्या मुलाचे सगळे प्रश्न किडामुंगीचे असतात, एखादीचे माणसांचे आणि नियमांचे. मृत्यूबद्दल विचारणारी मुलं आपल्याला वाटतात त्याहून कितीतरी जास्त असतात.

त्याच वहीत मागच्या पानावर भीतीची नोंद करा. अंधार, कुत्रा, वर्गात हात वर करणं, पाहुण्यांसमोर बोलणं, बॉल लागेल म्हणून मैदानावर न जाणं, जे असेल ते. सरसकट 'भित्रा' असं मूल नसतंच. कुत्र्याला घाबरणारी मुलगी आंब्याच्या शेंड्यापर्यंत सरसर चढते, आणि मैदान गाजवणारा मुलगा बाईंना "मला कळलं नाही" म्हणताना घामाघूम होतो. कशाची भीती आहे हेच माहीत नसेल, तर कुठल्या धाडसाची गोष्ट द्यायची?

*तपासा :* आठवड्यात पाच-सहासुद्धा प्रश्न जमले नाहीत, तर मुलाला कुतूहल नाही असं समजू नका. विचारलेल्या प्रश्नांना घरात "नंतर सांगते" आणि "गप्प बस जरा" किती वेळा ऐकू येतं ते मोजा. पुढचा आठवडा फक्त तेवढं थांबवा आणि मग पुन्हा नोंद करा.

*सावधान :* ही वही नातेवाइकांना वाचून दाखवू नका. आपल्या प्रश्नावर चारचौघं हसले की मूल प्रश्न विचारणं सोडत नाही, फक्त आपल्याला विचारणं सोडतं.

टप्पा २ : दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांची पारख

वेष्टनात बांधलेला दहा पुस्तकांचा संच घेऊ नका. आत काय आहे ते पाहता येत नाही. एकेक पुस्तक हातात घ्या आणि आधी शेवटचं पान उघडा. तिथे चौकटीत तात्पर्य छापलेलं असेल तर पुस्तक परत ठेवा. गोष्ट चांगली असली तरी विचार करण्याचं काम लेखकाने स्वतःच उरकून टाकलेलं असतं.

मग मध्यावर जा आणि अडचण कोण सोडवतं ते पाहा. बाबा येतात, देव प्रसन्न होतो, की जादूची कांडी फिरते? अशा गोष्टींनाही घरात जागा आहे, मला स्वतःला त्या खूप आवडतात. पण धाडसासाठी पुस्तक शोधत असाल तर मूल, किंवा मुलाइतकंच दुबळं कोणीतरी, स्वतः काहीतरी करताना दिसलं पाहिजे.

यासाठी माझं माप अगदी जुनं आहे : भोपळ्यातली म्हातारी. ती लेकीकडे निघते, वाटेत वाघ-कोल्हे आडवे येतात, खायला उठतात. तिच्या अंगात बळ नाही, हातात काठी तेवढी आहे. ती घाबरते, पण घाबरलेली असतानाच डोकं चालवते. लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, लठ्ठ होऊन येते, मग मला खा, असं म्हणते आणि वेळ मागून घेते. भीती आहे, शक्ती नाही, तरी उपाय आहे. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणताना तीन वर्षांच्या पोरालाही हे पुरेपूर कळतं. नव्या पुस्तकातला नायक या म्हातारीशेजारी ठेवून बघा. त्याला कधीच भीती वाटत नसेल तर तो मुलाच्या काही कामाचा नाही. घाबरणारं मूल त्याच्याकडे पाहून एवढंच ठरवतं की आपण असे नाही.

थोरामोठ्यांच्या चरित्रांत हाच घोटाळा सर्वाधिक असतो. पहिल्या पानावर बाळ जन्मतं तेच निर्भय. सावित्रीबाईंवरची लहान मुलांची पुस्तकं घ्या. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, एवढं प्रत्येक पुस्तकात असतं. पण वाटेत अंगावर शेण-चिखल फेकला जायचा म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत नेत, ही गोष्ट ज्या पुस्तकात नीट, सावकाश सांगितली आहे तेच पुस्तक घ्या. आज काय होणार हे माहीत असताना सकाळी घरातून निघणं कसं असेल, याचा विचार मूल त्या दुसऱ्या लुगड्यापाशी करू लागतं.

तिसरी पारख चित्रांची. मजकुरात नसलेलं काहीतरी चित्रात असलं पाहिजे. "राजू बाजारात गेला" या ओळीशेजारी फक्त राजू आणि बाजार असेल तर मूल चित्रावर नजर टाकतं आणि पुढे जातं. पण कोपऱ्यात एक मांजर मासळीच्या टोपलीकडे सरकत असेल, तर मूल थांबतं आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधू लागतं. वाचता न येणाऱ्या मुलासाठी स्वतंत्र विचाराची सुरुवात इथूनच होते.

शेवटी एक पान हळू आवाजात वाचा, दुकानात उभं राहून वाचायला लाजू नका. जीभ अडखळली तर भाषांतर कच्चं आहे. मूल स्वतः वाचणार असेल तर त्याला एक पान वाचायला द्या आणि अडणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजायला सांगा. पाच बोटं झाली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं.

टप्पा ३ : सुरुवात कुठून करायची

यादी लांबवत नाही, कारण लांब यादीने खरेदी वाढते, वाचन वाढत नाही.

तीन ते सहा वर्षांसाठी माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही पुस्तकं. घरातली साधी माणसं, ओळखीच्या वस्तू, आणि लेखन-चित्रं दोन्ही एकाच हाताची, त्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांशी बोलतात. राक्षस-परी नसली तरी कुतूहल जागं होतं, हे इथे दिसतं.

सात-आठच्या पुढे 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादात नॅशनल बुक ट्रस्टने काढलं आहे. रोज एक प्रकरण याप्रमाणे वाचता येतं. त्यातलं झाडाचं प्रकरण चुकवू नका. पोलिओ झालेल्या मित्राला तोत्तोचान आपल्या झाडावर चढवते, घरी न सांगता, शिडी ओढत, घामाने निथळत. याहून खरं धाडस मला मुलांच्या पुस्तकांत फारसं सापडलेलं नाही.

नऊ-दहाच्या पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा अंगाने काही पैलवान नाही. बघतो, शंका घेतो आणि मग सायकलवर टांग मारतो. काही संदर्भ आता जुने झालेत. तेही मुलांना विचारू द्या.

खर्च जमत नसेल तरी अडून राहू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या असून मोफत वाचता आणि छापून घेता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही आहेत आणि टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करायची तेही. एकदम तीनपेक्षा जास्त पुस्तकं घरात आणू नका.

टप्पा ४ : आधी तुम्ही वाचा आणि थांबे ठरवा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. पुस्तक आणलं, दिवा लावला, मुलाला शेजारी घेतलं आणि सुरू. मग पाचव्या पानावर आपल्यालाच न पटणारं काही येतं, आपण गडबडतो, वाक्य बदलतो. मुलाला ते लगेच कळतं.

दुपारी एकट्याने पूर्ण वाचा आणि पेन्सिलने फक्त दोन, फार तर तीन ठिकाणी टिंब करा. पहिला थांबा पात्राला काहीतरी ठरवावं लागतं त्याच्या बरोब्बर आधी, दुसरा चित्रात काही लपलेलं असेल तिथे. तिसरा असलाच तर तुम्हाला स्वतःला जिथे प्रश्न पडला तिथे. दर पानाला थांबाल तर गोष्टीची शाळा होईल.

*तपासा :* थांब्यावर तुम्ही जे विचारणार आहात त्याचं उत्तर तुम्हाला आधीच पक्कं ठाऊक आहे का? मग तो प्रश्न परीक्षेतला आहे. खोडा.

टप्पा ५ : वाचून दाखवणं

वेळ ठरलेली असू द्या, पंधरा-वीस मिनिटं पुरे. फोन दुसऱ्या खोलीत. मुखपृष्ठ दाखवा, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव वाचा. पुस्तक कोणा माणसाने लिहिलं आहे हे कळलं तरच मूल कधीतरी म्हणेल की त्या माणसाचं चुकलं.

नाटकी आवाजांची गरज नाही, सावकाश वाचा म्हणजे झालं. अवघड शब्द बदलून सोपा करू नका. 'उंबरठा' म्हणजे काय, असं मूल विचारेल तेव्हा सांगा. नाही विचारलं तर संदर्भाने कळलं असेल, किंवा नसेल, तरी बिघडत नाही. इंग्रजी माध्यमातल्या, किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे जास्तच पाळा. दर ओळीचं भाषांतर केलंत तर मराठी पुस्तक म्हणजे शिक्षा होते.

मूल मध्येच उठलं, खेळायला लागलं, तरी वाचत राहा. कान तिथेच असतात.

टप्पा ६ : एकच प्रश्न विचारा, आणि मग गप्प बसा

सगळ्यात अवघड काम गप्प बसण्याचं आहे. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमध्ये मोजून पाहिलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. ती वाट तीन सेकंदांच्या वर नेली की मुलांची उत्तरं लांबत आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागत. घरात आपण तो एक सेकंदही देत नाही. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. मूल छताकडे बघत असेल तर ते विचार करतंय.

प्रश्नाची घडण अशी बदला. "तिने असं करायला हवं होतं का?" याऐवजी "तू तिथे असतास तर तुला काय वाटलं असतं?" आणि "खोटं बोलणं वाईट ना?" याऐवजी "तो खरं का बोलला नसेल?"

आमच्याकडे एकदा काऊ-चिऊची गोष्ट चालली होती. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा भिजत दारात उभा, आणि आत चिऊताई : थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते. मी जन्मभर ही गोष्ट सांगत आले, पण त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "चिऊने दार लगेच का उघडलं नसेल?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "कावळे पिल्लं खातात. तिला भीती वाटली असणार." लगेच चौथीतला एक मुलगा, "मग सरळ नाही म्हणायचं ना! खोटी कारणं कशाला सांगायची?" त्यावर आणखी एक मुलगी, "नाही म्हणायला पण भीती वाटते." पुढची वीस मिनिटं मुलंच बोलत होती, नाही म्हणताना कधी कधी भीती वाटते याबद्दल. मी मध्ये पडले असते तर हे काहीच घडलं नसतं.

*सावधान :* "शाब्बास!" घाईने म्हणू नका. एका उत्तराला शाबासकी मिळाली की बाकीची मुलं तेच उत्तर वेगळ्या शब्दांत देतात. "असं तुला कशावरून वाटलं?" एवढंच विचारा, पटलेल्या उत्तरालाही आणि न पटलेल्या उत्तरालाही, त्याच आवाजात.

उत्तर तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा. "मला नाही माहीत, शोधूया" हे मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकणं हेसुद्धा मुलाचं शिक्षण आहे. ऐकण्याची हद्द किती, हे पाहायचं असेल तर 'तोत्तोचान'मधले मुख्याध्यापक कोबायाशी आठवा. आधीच्या शाळेतून काढलेल्या पोरीला ते पहिल्याच दिवशी म्हणतात, तुला हवं ते बोल, आणि तब्बल चार तास ऐकत बसतात.

टप्पा ७ : प्रश्न तुमच्या घरावर येईल, तेव्हा

इथवर नीट आलात तर एक दिवस हे होणारच. पुस्तकातल्या पात्रांवर विचार करायला शिकलेलं मूल तीच नजर घरावर टाकतं.

एका वडिलांनी मला सांगितलेली गोष्ट. रात्री जेवताना त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, "आजी, आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींचा कप खिडकीत वेगळा का ठेवतो आपण?" सगळे गप्प. आजी चिडल्या. वडील म्हणाले, "असं विचारू नये." मुलगी जेवली, झोपली. त्यानंतर तीन आठवडे तिने रात्रीच्या वाचनात एकही प्रश्न विचारला नाही. पुस्तकं तीच होती, बाबाही रोज वाचत होते. पण तिला कळलं होतं की प्रश्न फक्त पुस्तकातल्या लोकांना विचारायचे असतात.

अशा वेळी काय करायचं ते आधीच घरात बोलून ठेवा, विशेषतः आजी-आजोबांशी, प्रेमाने आणि मूल समोर नसताना. त्या क्षणी मात्र "असं विचारू नये" आणि "मोठी झालीस की कळेल" ही दोन वाक्यं टाळा. खरं तेच सांगा : "पूर्वीपासून तसं चालत आलंय, आणि मला याचं चांगलं उत्तर देता येत नाही." मुलाच्या बाजूने बोलताना घरातल्या मोठ्या माणसाचा अपमान करू नका, नाहीतर मूल पुढच्या वेळी आजीला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसेल. आणि बदलण्यासारखं असेल तर बदला. त्या वडिलांनी अखेर तो कप उचलून बाकीच्या कपांत ठेवला, कोणाला काही न बोलता. मुलीने दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्या रात्री तिने पुस्तक थांबवून दोन प्रश्न विचारले.

टप्पा ८ : पुस्तक मिटल्यावर करून बघू द्या

वहीतला पालीचा प्रश्न आठवतोय? तिच्या पायाच्या तळव्यांवर लाखो सूक्ष्म केस असतात हे सांगण्याआधी रात्री ट्यूबलाइटजवळ दहा मिनिटं पाल बघत बसा. काचेच्या खिडकीवर आली तर बाहेरून पाय दिसतात. मुंग्या साखरेकडे आधी जातात की गुळाकडे, दुपारी बाराला सावली केवढी असते, अशा गोष्टी आधी मुलाने अंदाज सांगायचा, मग बघायचं, आणि शेवटी पुस्तकात शोधायचं. क्रम उलटा केलात तर बघण्यासारखं काही उरत नाही.

धाडसाचंही तसंच. भीतीच्या नोंदीतली सर्वांत लहान भीती निवडा. वाचनालयात पुस्तक मुलानेच मागायचं, कोपऱ्यावरून कोथिंबीर त्यानेच आणायची, सुटे पैसे त्यानेच मोजून घ्यायचे. जमलं नाही तर "कुठे अडलं?" इतकंच विचारा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा.

*सावधान :* विहीर, गॅस, वीज, रस्ता इथे प्रयोग नाहीत. नियम ठाम ठेवा, पण कारण सांगून. गोष्टीतल्या पोराने विहिरीत उडी मारली असेल तर तिथे थांबून बोला : त्याला पोहता येत होतं का, काठावर कोण होतं?

टप्पा ९ : दोन महिन्यांनी तपासणी

किती पुस्तकं वाचली ते मोजू नका, भिंतीवर तक्ता लावू नका, स्टार देऊ नका. ही लक्षणं बघा. मूल वाचताना तुम्हाला मध्येच थांबवतं. तेच पुस्तक पाचव्यांदा मागतं. एखादं पुस्तक अर्ध्यात सोडून "मला नाही आवडलं" म्हणतं आणि का ते सांगतं. शाळेतून येऊन म्हणतं, "आज मी बाईंना विचारलं." तुमच्याशी वाद घालतं, पण कारण देऊन.

यातलं काहीच दिसत नसेल तर नवीन पुस्तक आणायच्या आधी चौथ्या टप्प्यावर परत या आणि सलग तीन रात्री फक्त वाचा, एकही प्रश्न न विचारता. बहुतेक घरांत आपले प्रश्नच जास्त झालेले असतात. चौथ्या रात्री पुस्तक मुलाच्या हातात द्या आणि कुठे थांबायचं ते त्याला ठरवू द्या. पेन्सिलही त्यालाच द्या.